शाळेचा खर्च कोणाच्या खात्यावर?

इतिहास म्हटला की आपल्या समाजाला दोनच गोष्टी आठवतात. एक सल्तनतींचा काळ आणि दुसरी १८५७ नंतरची दुर्दशा. पहिलीत अभिमान असतो, दुसरीत तक्रार. नगरपालिकेच्या सभेत कोणत्या कलमावर किती वाद झाला, नळाला किती रुपये मंजूर झाले, शाळेच्या खर्चाचा बोजा कोणी कोणावर ढकलला, हा इतिहास वाचायची फुरसत कोणाला आहे? त्यात घोडे नाहीत, तलवारी नाहीत, शेरोशायरी तर नाहीच नाही. आहेत ते ठराव, उपसूचना आणि आकड्यांचे रकाने.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड. करताना शिक्षणाचा इतिहास हा विषय होता. मेकॉलेचे टिपण, वुडचा खलिता, हंटर आयोग, सार्जंट योजना, सगळे सनावळीसकट पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि पास झालो. परंतु या शाळांचा खर्च कोणी द्यायचा यावरून मुंबई शहरात तीस-पस्तीस वर्षे सरकार आणि नगरपालिका यांच्यात ओढाताण चालली होती, आणि त्या ओढाताणीत एका बाजूला शाळामास्तर आणि दुसऱ्या बाजूला पोलीस शिपाई उभा होता, ही गोष्ट आमच्या कोणत्याही नोट्समध्ये नव्हती. आज मोहल्ल्यातल्या चहाच्या दुकानात सर्रास ऐकू येते की उर्दू शाळा म्हणजे सरकारने मुसलमानांना दिलेली सवलत. आपली माणसेही हे मान खाली घालून ऐकून घेतात. सवलत कसली आणि कोणी दिली, हे एकदा कागदावर मांडले पाहिजे, म्हणून हा लेख.

गोष्ट सुरू होते कापसापासून. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला. युद्ध संपले आणि जुलै १८६५ मध्ये सगळा डोलारा कोसळला. पेढ्या बुडाल्या, कालचे शेठ आज दिवाळखोर झाले. नेमक्या याच वर्षी शहराच्या कारभारासाठी नवा कायदा लागू झाला. शहरातले सारे जस्टिस ऑफ द पीस मिळून एक मंडळ बनले आणि त्यांच्या नावाने कारभार पाहायला आर्थर क्रॉफर्ड नावाचा म्युनिसिपल कमिशनर नेमला गेला. जस्टिस म्हणजे सरकारने नेमलेली प्रतिष्ठित मंडळी. त्यांना लोकांनी निवडलेले नव्हते, त्यामुळे ती लोकांना बांधीलही नव्हती. बरेच जण सभेला फिरकतही नसत.

क्रॉफर्ड मोठा कर्तबगार आणि तेवढाच खर्चिक गृहस्थ. गटारे, रस्ते, सफाई यांचा त्याने धडाका लावला. त्याच्या नावाचे मार्केट १८६९ मध्ये उभे राहिले. आज रमजानच्या महिन्यात त्या भागात खजूर घ्यायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की याच साहेबाच्या हिशेबावरून मुंबईत पहिले मोठे नगरराजकारण पेटले? मंजुरी नसताना खर्च, मंजुरीपेक्षा जास्त खर्च आणि वर करवाढ. मंदीने आधीच कंबर मोडलेला घरमालक चवताळला. १८७१ मध्ये टाउन हॉलमध्ये सभांमागून सभा झाल्या. जे. ए. फोर्ब्स या व्यापाऱ्याने कमिशनरच्या कारभाराविरुद्ध ठराव आणला. विश्वनाथ नारायण मंडलिक, नवरोजी फर्दुनजी, सोराबजी बंगाली हे करदात्यांच्या बाजूने उभे राहिले.

या गदारोळात सव्वीस वर्षांचा एक पारशी बॅरिस्टर उलट बोलला. फिरोजशहा मेहता हे त्याचे नाव. धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्याने निबंध वाचला आणि श्रोत्यांनी हुर्यो करून त्याला जेरीस आणले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की दोष एकट्या क्रॉफर्डचा नाही. ज्यांनी त्याच्यावर नजर ठेवायची त्या जस्टिसांनी ठेवली नाही आणि ते ठेवणारही नाहीत, कारण ते कोणाचेच प्रतिनिधी नाहीत. कारभार एका जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती राहू द्या, पण त्याला जाब विचारणारी सभा करदात्यांनी निवडलेली असू द्या. त्या दिवशी शिव्या खाल्लेला हा विचारच पुढे मुंबईच्या नगरशासनाचा पाया ठरला. आम्हाला या प्रसंगाचे मोल वाटते ते एवढ्यासाठी, की लोकप्रिय बाजू सोडून तो माणूस हिशेबाच्या मुळाशी गेला. हे धैर्य आजच्या सभागृहातही दुर्मिळ आहे.

१८७२ चा कायदा आला. चौसष्ट सभासदांचे कॉर्पोरेशन बनले. सोळा सरकारने नेमायचे, सोळा जस्टिसांनी निवडायचे आणि बत्तीस करदात्यांनी. ४ सप्टेंबर १८७३ रोजी या कॉर्पोरेशनची पहिली सभा भरली. निवडून आलेल्यांत बदरुद्दीन तय्यबजी होते. १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन परतलेले, मुंबईचे पहिले हिंदी बॅरिस्टर. पुढची दहा वर्षे, १८८३ पर्यंत, ते कॉर्पोरेशनचे सभासद होते. आपण त्यांना ओळखतो ते १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून किंवा हायकोर्टाचे न्यायमूर्ती म्हणून. त्यांची सार्वजनिक उमेदवारी मात्र पाणी, गटार आणि कर या रुक्ष विषयांवर झाली, हे आपल्या चरित्रलेखकांना फारसे सांगावेसे वाटत नाही.

पण या ‘निवडून’ शब्दावर थोडे थांबायला हवे. मताचा हक्क होता वर्षाला किमान पन्नास रुपये कर भरणाऱ्याला. १८७२ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती ६,४४,४०५ भरली होती. मतदार होते काही हजारांच्या घरात. म्हणजे मेमन आणि बोहरा व्यापारी, खोजा शेठ, कोकणी नाखुदा यांच्यापैकी इमारतींचे मालक असलेल्यांना मत होते. मदनपुऱ्यात हातमागावर बसणारा जुलाहा, गोदीतला खलाशी, डोंगरीच्या खोलीत दाटीने राहणारा कोकणी भाडेकरू, नळबाजारचा हमाल यांना नव्हते. यात हिंदू-मुसलमान असा भेद नव्हता. गिरणगावातला मराठी मजूर आणि मदनपुऱ्यातला मोमीन दोघेही दाराबाहेरच होते. सभेचे कामकाज चाले इंग्रजीत, त्यामुळे दाराशी येऊन कान लावला तरी काही कळण्याची सोय नव्हती.

आणि कर मात्र फिरून सगळ्यांकडूनच वसूल होत असे. घरमालकाने भरलेली घरपट्टी आणि पाणीपट्टी भाड्यात मिसळून भाडेकरूच्या खिशातून निघे. शहरात येणाऱ्या मालावरची नगर-जकात धान्याच्या भावात मिसळे. या करांत एकाचे नाव होते ‘हलालखोर’ कर. मैला वाहून नेण्याच्या कामाचा कर तो. उर्दू जाणणाऱ्या वाचकाला या शब्दाची गंमतही कळेल आणि बोचही. हलालाचे खाणारा, म्हणजे घाम गाळून पोट भरणारा, असा आदराचा शब्द समाजाने सर्वांत खाली ढकललेल्या माणसाला चिकटवला, आणि मुंबईच्या कायद्याने तो जसाच्या तसा उचलून कराच्या बिलावर छापला. ज्याच्या नावाचा कर होता त्याच्या वस्तीत नळ आणि शाळा सर्वांत उशिरा पोहोचली.

आता मुख्य मुद्दा. शहराच्या तिजोरीत जे जमा होई त्यातला मोठा हिस्सा पोलिसांवर जाई. मुंबईच्या पोलीस दलाचा कमिशनर सरकार नेमणार, शिपाई किती आणि कुठे हे सरकार ठरवणार, हुकूम सरकारचा, आणि पगाराचा मोठा वाटा मात्र नगरपालिकेने द्यायचा. सभासद विचारत, ज्या दलावर आमची सत्ता नाही त्याचा खर्च आम्ही का सोसावा? सरकारचे उत्तर असे, की पोलीस तुमच्याच शहराचे रक्षण करतात. उलट प्राथमिक शिक्षणाची गोष्ट निघाली की सरकार म्हणे, ही स्थानिक बाब आहे, पालिकेने पाहावी. आणि पालिका म्हणे, पोलिसांचे बिल भागवल्यावर हातात उरते काय? या दोन उत्तरांच्या फटीत गरिबांची मुले अडकून पडली होती.

हे भांडण मुंबईपुरते नव्हते. पुण्यात महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पर्यंत नगरपालिकेचे सभासद होते. सरकारनियुक्त सभासद, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. नोव्हेंबर १८८० मध्ये व्हाइसरॉय पुण्याला येणार म्हणून स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव सभेपुढे आला. जोतीराव म्हणाले, हे पैसे पुण्यातल्या गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावा. बत्तीस नियुक्त सभासदांत प्रस्तावाच्या विरोधात मत पडले ते त्यांचे एकट्याचे. ठराव अर्थातच मंजूर झाला, कमानी उभ्या राहिल्या, आतषबाजी झाली असेल. ज्यांच्या मेहेरबानीने सभासदत्व मिळाले त्यांच्याच सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागताला नकार द्यायचा आणि तोही अंदाजपत्रकाच्या भाषेत द्यायचा, हे काम भाषण ठोकण्याहून अवघड असते. आम्ही जोतीरावांचे नाव शाळेच्या भिंतीवर लिहितो. हा प्रसंगही तिथे लिहायला हरकत नाही.

दोन वर्षांनी, १८८२ मध्ये, हंटर आयोग आला. या आयोगापुढे जोतीरावांनी आपले निवेदन पाठवले आणि खाली सही करताना व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा सभासद अशी आपली ओळख दिली. त्यांची एक मागणी अशी होती, की मोठ्या शहरांतल्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा सगळा खर्च उचलावा. मात्र शाळांचा कारभार सर्वस्वी त्यांच्या ताब्यात देऊ नये, शिक्षण खात्याची देखरेख राहावी. पालिकेत सहा वर्षे बसलेल्या माणसाची ही सूचना आहे. पैसा पालिकेचा घ्या, पण पालिकेत बसलेल्या उच्चवर्णीयांच्या मर्जीवर शाळा सोडू नका. अनुभवाशिवाय इतके नेमके बोलता येत नाही.

त्याच आयोगापुढे मुंबईहून बदरुद्दीन तय्यबजींनी मुसलमानांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. आयोगाचे एक सभासद होते त्यांचे मित्र काशिनाथ त्र्यंबक तेलंग. आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणावर स्वतंत्र शिफारशी केल्या आणि त्यांतली पहिलीच शिफारस आपल्या विषयाशी थेट भिडते. मुसलमानांच्या शिक्षणाला खास उत्तेजन देण्याचा खर्च हा स्थानिक, नगरपालिकेच्या आणि प्रांतिक निधीवरचा रास्त खर्च मानावा, असे तीत म्हटले आहे. ‘रास्त खर्च’ हे शब्द नीट वाचावेत. त्यांत दया किंवा बक्षिसी नाही. कर जमा होणाऱ्या तिजोरीवरचा हक्काचा बोजा, असा त्यांचा अर्थ आहे. चहाच्या दुकानातल्या ‘सवलती’ला या आयोगानेच हे उत्तर देऊन ठेवलेले आहे, फक्त आपण ते उघडून पाहिलेले नाही.

याच शिफारशींत भाषेचेही कलम होते. मुसलमानांच्या प्राथमिक शाळांत हिंदुस्तानी हे मुख्य माध्यम असावे, मात्र जिथे खुद्द समाजाला दुसरी भाषा हवी असेल तिथे ती द्यावी. हे ‘मात्र’ मुंबईत फार महत्त्वाचे. इथला मुसलमान एका भाषेचा कधीच नव्हता. मेमनाच्या घरात मेमणी, बोहऱ्याच्या घरात गुजराती, कोकणी जमातीच्या घरात कोकणी बोली, मदनपुऱ्यात पूरबी, घाटावरून आलेल्यांच्या तोंडी दखनी आणि मराठी. उर्दू माध्यम की मराठी माध्यम हा वाद आपल्या संमेलनांतून अजून मिटलेला नाही, आणि आम्ही उर्दूत शिकवून मराठीत लिहिणारे त्या वादात दोन्ही बाजूंनी मार खातो. पण त्या वादाआधीचा प्रश्न कोणत्याही भाषेतल्या शाळेला लागू आहे. पैसे कोणत्या निधीतून येणार?

कारण दुसरा मार्गही होताच, चंद्याचा. १८७४ मध्ये बदरुद्दीन, त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन, कोकणी जमातीतले नाखुदा महंमद अली रोघे, मुन्शी गुलाम महंमद या मंडळींनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. १८८० मध्ये तिची शाळा सुरू झाली. बोरीबंदर स्टेशनासमोरची तिची देखणी इमारत १८९३ मध्ये पुरी झाली, आणि योगायोग असा की जवळच असलेली महापालिकेची मुख्य इमारतही त्याच वर्षी पुरी झाली. अंजुमनचे उपकार मोठे आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण चंद्यावर एक शाळा चालते, दहा चालतात. शहरातल्या प्रत्येक मोहल्ल्यात, फी न देऊ शकणाऱ्या प्रत्येक पोरासाठी शाळा चंद्यावर चालत नाही. हे बदरुद्दीन यांना पुरते समजले होते असे आम्हाला वाटते. अंजुमन चालवत असतानाच ते कायदेमंडळात स्थानिक स्वराज्याच्या विधेयकांवरही बोलत होते. आपल्या समाजाने त्यांचा पहिला धडा घेतला आणि दुसरा सोडून दिला. आजही शाळेला छप्पर हवे असले तर आपण आधी शेठकडे जातो, वॉर्ड ऑफिसात नंतर.

१८८८ चा मुंबई महापालिका कायदा मेहता आणि तेलंग यांनी कायदेमंडळात कलम न् कलम लढवून घडवला. सभासद बहात्तर झाले, त्यांतले छत्तीस करदात्यांनी निवडलेले. प्राथमिक शाळांसाठी आठ जणांची समिती आली, चार पालिकेचे आणि चार सरकारचे. शिक्षणाला कायद्यात घर मिळाले खरे, पण घरातली चूल अजून दोघांची होती आणि पोलिसांचे बिल कायम होते.

१८९२ मध्ये इब्राहिम रहिमतुल्ला पालिकेत आले. त्यानंतर चार वर्षांनी, १८९६ मध्ये, प्लेग आला. पालिकेच्या सभांत प्लेगच्या खर्चावर, इस्पितळांवर, झडत्यांवर बोलणे होत होते. ज्यांच्या घरांच्या झडत्या होत होत्या ते त्या सभांत नव्हते. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातल्या जुलाह्यांनी एका आजारी मुलीला इस्पितळात नेण्यास विरोध केला. गर्दी जमली, दगड उडाले, गोळीबार झाला आणि दंगल शहरभर पसरली. इंग्रजी बखरकार याला धर्मवेडेपणा म्हणून मोकळे होतात. आम्हाला त्यात आणखी काही दिसते. बाईमाणसाला परक्या पुरुषाने हात लावण्याचा प्रश्न तर होताच. पण त्या वस्तीशी पालिकेचे नाते काय होते? पाणी कमी, गटार उघडे, आणि अंदाजपत्रकातल्या पैशाने पोसलेली जी व्यक्ती तिथे नियमाने दिसत असे ती पोलीस शिपाई. प्लेगसारख्या आपत्तीत ज्याच्या शब्दावर लोकांनी विश्वास ठेवावा असा पालिकेचा मास्तर तिथे किती घरांना माहीत होता? दंगलीचे समर्थन आम्ही करत नाही. पण ज्यांना सभागृहात प्रश्न विचारता येत नव्हता त्यांनी तो रस्त्यावर, फार वाईट रीतीने, विचारला. पुढल्याच वर्षी, १८९९ मध्ये, रहिमतुल्ला पालिकेचे अध्यक्ष झाले.

शेवटी १९०७ साली तडजोड झाली. पोलीस खर्चाचा नवा कायदा आला. त्याने पोलिसांचा सगळा भार सरकारने घेतला आणि बदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत या दोन गोष्टींचा भार पालिकेने उचलला. हिशेबी माणसाला हा सौदा धोक्याचा वाटणे साहजिक होते. पोलीस दलाचा खर्च बेताने वाढतो. शाळेचा आणि दवाखान्याचा खर्च वस्तीबरोबर वाढतच जातो, त्याला अंत नाही. एक शाळा काढली की शेजारचा मोहल्ला म्हणतो, आम्हाला का नको? नेमके हेच आमच्या दृष्टीने या सौद्याचे पुण्य. मागणी करता येईल असा खर्च आता मागणी ऐकणाऱ्या सभेच्या हाती आला. ज्या खर्चाला अंत नाही त्याच खर्चात गरिबाला वाटा मागता येतो.

त्याच १९०७ साली आणखी एक तमाशा झाला तो सांगण्याजोगा आहे. फिरोजशहांना पालिकेबाहेर काढण्यासाठी काही इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांनी कट केला. ‘कॉकस’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. अकाउंटंट जनरल हॅरिसन त्याचे सूत्रधार, आणि सोबत खुद्द पोलीस कमिशनर गेल. जस्टिसांच्या सोळा जागांत फिरोजशहा सतरावे आले. प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा त्यांची बाजू मांडणाऱ्यांत महंमद अली जीना नावाचे तरुण बॅरिस्टर होते. पोलिसांच्या बिलावर आयुष्यभर बोट ठेवणाऱ्या माणसाला पाडायला पोलीस कमिशनरने हात लावावा, यावर वेगळी टिप्पणी नको.

पुढचा भाग भरभर सांगतो. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये नगरपालिकांना सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा मिळाला, मुंबई शहरासाठी तो १९२० मध्ये झाला. १९२२ मध्ये मताचा हक्क महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्यापर्यंत खाली आला आणि भाडेकरू पहिल्यांदा मोठ्या संख्येने मतदार झाला. दहा रुपये भाडे त्या काळी चाळीतल्या एका खोलीचे नव्हे, बऱ्या जागेचे होते, हे विसरू नये. १९२५ मध्ये एफ आणि जी या दोन वॉर्डांत सक्तीचे शिक्षण सुरू झाले. परळ, शिवडी, वरळी, माहीम हा तो भाग. माहीमच्या कोकणी मुसलमान मुलांना त्याचा लाभ झाला. पण डोंगरी, चकला, नागपाडा, मदनपुरा ही मोठी मुस्लीम वस्ती बी, सी आणि ई वॉर्डांत होती, ती या पहिल्या टप्प्याबाहेर राहिली. १९४२ मध्ये युसुफ मेहेरअली महापौर झाले. समाजवादी माणूस, चाळिशीच्या आतला, आणि निवड झाली तेव्हा तुरुंगात. १९४८ मध्ये प्रौढ मतदानाने पहिली पालिका निवडणूक झाली. १८७३ च्या त्या दाराबाहेर उभ्या असलेल्या जुलाह्याचा आणि गिरणी कामगाराचा नातू आत यायला पंचाहत्तर वर्षे लागली.

महापालिकेच्या अंदाजपत्रकात शिक्षणाचा भाग आज ‘ई’ या अक्षराखाली स्वतंत्र मांडला जातो. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळांचा खर्च त्यातून होतो. १९०७ च्या सौद्याची ही वाढलेली वंशावळ. त्यात मराठीच्या रकान्यात मराठी, तमिळच्या रकान्यात तमिळ, तसाच उर्दूचा रकाना. तमिळ शाळेला कोणी सवलत म्हणत नाही.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक झाली नाही आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ अंदाजपत्रक प्रशासनानेच बनवले आणि प्रशासकानेच मंजूर केले. स्थायी समिती नाही, शिक्षण समिती नाही, उपसूचना नाही. रक्कम कमी झाली की जास्त, हा वेगळा विषय. आकडे वाढतही असतात. पण १८७१ मध्ये ज्या गोष्टीसाठी तो सव्वीस वर्षांचा बॅरिस्टर हुर्यो सहन करत उभा राहिला होता, म्हणजे खर्च करणाऱ्याला जाब विचारणारी निवडलेली सभा, तीच या काळात नव्हती. आपल्या वस्त्यांतून याबद्दल फारशी हाकाटी झाली नाही. नगरसेवक नाही म्हणजे दाखल्यावर सही कोण देणार, एवढीच चिंता आमच्या कानावर आली. दाखल्याची सही हे नगरसेवकाचे काम आहेच, पण त्यासाठी त्याला निवडत नाहीत.

आम्ही लहानपणी पालिकेच्या उर्दू शाळेत होतो तेव्हा आमचे हेडमास्तर रोज सकाळी उर्दू अखबार मागच्या पानाकडून वाचत. वॉर्डातल्या नगरसेवकाने सभागृहात शाळेच्या नळाविषयी, बाकांविषयी किंवा रिकाम्या जागांविषयी प्रश्न विचारल्याची चार ओळींची बातमी आली की ती कापून एका जाड फाइलीत चिकटवत, वर तारीख घालत, आणि पुढच्या अर्जात तिचा हवाला देत. आमच्या बी.एड.च्या कोणत्याही पेपरात ही फाइल नव्हती.